दाजी, मी आणि दोन पोलिसांचे पिक्चर

दोन पोलिसांचे पिक्चर मला भारी आवडतात. एक नियमाने चालणारा, दुसरा नियम खुंटीला टांगून फिरणारा. साहेब दोघांना एका जीपमध्ये कोंबतो आणि पुढचे दोन तास आपण चोराची नाही, त्यांच्या भांडणाची वाट बघत बसतो. बॉम्ब कुणी आणि का ठेवला होता, हे मला एकाही पिक्चरचं आठवत नाही. जीप कुणी चालवायची यावरून झालेली भांडणं मात्र तोंडपाठ आहेत.

ही आवड दाजींमुळे लागली. माझ्या थोरल्या बहिणीला घोडेगावजवळच्या एका वस्तीवर दिली होती. माझं पारनेरला मोबाईल दुरुस्तीचं दुकान, रविवारी बंद. मग मोटारसायकल काढायची आणि ताईकडे जेवायला जायचं. जेवणं झाली की दाजी टीव्ही लावायचे. पिक्चर इंग्रजी नाहीतर दक्षिणेतला, पण सगळे हिंदीत बोलणारे. दाजी म्हणजे घड्याळ बघून चहा पिणारा माणूस, जाहिराती चालू असतानाही बोललेलं त्यांना खपायचं नाही. आणि मी गप्प बसलो की माझं पोट दुखतं. ते कायम शिस्तीच्या पोलिसाच्या बाजूने, मी अर्थातच दुसऱ्याच्या. आमची जुंपली की ताई आतून ओरडायची, "आरं, ते टीव्हीत भांडत्यात, तुमी कशापायी भांडताय?"

एकदा ताईला दुभती गाय घ्यायची होती. घोडेगावच्या बाजारात जायच्या आदल्या दिवशीच आम्ही असला एक पिक्चर बघितला होता, आणि त्यातली युक्ती माझ्या डोक्यात बसली. आपण एकमेकांना ओळख दाखवायची नाही. दाजींनी कडक गिऱ्हाईक होऊन गाईत खोडी काढायच्या आणि निघून जायचं. मालक जरा नरम पडला की मी भोळं गिऱ्हाईक होऊन भाव पाडून घ्यायचा.

"ह्ये काय आपल्याला जमायचं न्हाई, पाव्हणं," दाजी म्हणाले. पण आले.

बाजारात जनावराचा भाव तोंडाने बोलत नाहीत. दलाल हातावर टॉवेल टाकतो आणि त्याखाली बोटं दाबून भाव सांगायचा. शेजारी उभ्या असलेल्यालाही पत्ता लागत नाही. दाजींनी गाईच्या शिंगांपासून सडांपर्यंत सगळ्याला नावं ठेवली आणि ते चहाच्या टपरीकडे गेले. निदान मला तसं वाटलं. मी टॉवेलखाली हात घातला. दलाल गर्दीत गेला आणि परत येऊन म्हणाला, "तिकडचं गिऱ्हाईक वर गेलंय." मी आणखी एक बोट दाबलं. तो पुन्हा गेला, पुन्हा आला. अशा चार फेऱ्या झाल्यावर मी चिडून त्याच्या मागेच गेलो. बैलांच्या पलीकडे, टॉवेलखाली हात घालून आमचे दाजी उभे होते. टपरीवर जाता जाता गाय त्यांच्या मनात भरली होती.

त्या दिवशीची बाजारातली सगळ्यात महाग गाय आम्ही टेम्पोत घालून आणली. चूक कुणाची यावर दारापर्यंत भांडलो. ताई ऐकून दाराला धरून हसली. म्हणाली, "दोन पोलिस गेलं आन् एकमेकालाच धरून आलं."

दोन वर्षांपूर्वी ताई गेली. दुखणं पंधरा दिवसांचं, काही करायला सापडलंच नाही.

आई आहे तोवर माहेर, असं बायका म्हणतात. भावाचंही तसंच असतं. बहीण आहे तोवर तिचं घर. दाजी काय मी निवडलेले नव्हते, ते ताईबरोबर आले होते. वर्षश्राद्धाला गेलो, पंगतीत बसलो, परत आलो. रविवारी मोटारसायकल काढायचो आणि गावातच दोन चकरा मारून लावून टाकायचो. खरं सांगायचं तर भीती वाटत होती. दाजींच्या ओसरीवर आम्ही दोघे बसलो आणि बोलायला काहीच निघालं नाही तर? पिक्चरमध्ये केस संपल्यावर दोघे हात मिळवतात आणि नावांच्या पाट्या पडायला लागतात. पुढे ते एकमेकांकडे जातात की नाही, हे कुणी दाखवत नाही.

गेल्या महिन्यात एका रविवारी दुपारी दाजींचा फोन आला. त्यांनी आपणहून कधी फोन केलेला मला आठवत नाही, ते काम ताईचं. मी घाबरून विचारलं, "काय झालं, दाजी?"

"झालं काय न्हाई. एक इचारू का?"

"इचारा की."

"तुमी निस्तं तिच्यासाठी येत हुता का?"

मला कशालाही उत्तर तयार असतं. त्या दिवशी दोनच शब्द निघाले.

"न्हाई, दाजी," मी म्हणालो.

ते म्हणाले, "मंग दोन वर्सं कुठं हुता?"

मी फोन कानाला तसाच धरून गाडीची चावी शोधायला लागलो.