आधीच मानलेले आभार

प्रार्थना मी छान करते, असं सगळे म्हणतात. नगरला आमच्या घरी लहानपणापासून रोज संध्याकाळी एकेकाला प्रार्थनेला उभं करायचे, त्यामुळे माझ्या तोंडाला खळ नाही. बेंगळुरूत आल्यावर मात्र ही कला गंजत पडली होती. एचएसआर लेआउटमधल्या आमच्या चर्चचा सगळा कारभार कन्नड आणि इंग्रजीत. चर्चची मंडळी बोम्मसंद्र्याच्या कारखान्यांमागे मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांमध्ये सेवेला जायची, त्यांना तिथे लातूरकडची काही कुटुंबं भेटली. पास्टर म्हणाले, "अक्का, तुम्ही चला. आमचं त्यांना कळत नाही." मला काय, तेच हवं होतं!

तिथे एका खोलीत एक तरुण आई राहायची. वीस-बावीसची असेल, कडेवर तीन महिन्यांची मुलगी. मुलीचं उजवं पाऊल आत वळलेलं. चर्चच्या ओळखीच्या डॉक्टरांनी सांगितलं, दर आठवड्याला प्लास्टर बदलत गेलं तर पाऊल हळूहळू सरळ होईल, पोर चारचौघींसारखी चालेल. पण एकही आठवडा चुकवायचा नाही. तिच्या नवऱ्याची समजूत घालायला मला दोन रविवार लागले. "देवानं दिलंय तसं राहू द्या," हेच त्याचं पालुपद. शेवटी कसाबसा तयार झाला.

दुसरं प्लास्टर घातलं त्यानंतरच्या रविवारी मी मुलीच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. आमच्यात रीत अशी, की मागितलं ते मिळालंच असं धरून देवाचे आभार आधीच मानायचे. विश्वास म्हणतात तो हाच. मी तर रंगातच आले. "प्रभू, तू या लेकराचा पाय बरा केलास, सरळ केलास, तुझे उपकार मानते!" डोळे उघडले तर पोरीची आई घळाघळा रडत होती. मला वाटलं, वा, काय प्रार्थना झाली!

पुढच्या मंगळवारी ती दवाखान्यात आलीच नाही. मी ऑटो करून तणतणत तिच्या दारात. आम्ही इथे जिवाचा आटापिटा करतोय आणि हिला पर्वाच नाही! मुलगी चटईवर हातपाय हलवत पडली होती. पाय मोकळा, आणि पाऊल पुन्हा आत वळायला लागलेलं.

"प्लास्टर कुठंय गं?" मी ओरडलेच.

"भिजवून काढलं की, बाई," ती घाबरून म्हणाली. "तुम्हीच त्या दिवशी म्हणला, देवानं बरं केलं म्हणून. मग कशाला लेकराला त्रास?"

मी तिथेच दारात बसले. तिला समजावलं, की अजून झालेलं नसलं तरी आम्ही आभार आधीच मानतो. तिने लेकराला मांडीवर घेतलं.

"मग देवाला खोटं का सांगितलं, बाई?"

एवढ्या आयुष्यात मला हे कुणी विचारलं नव्हतं. वादात मी कुणाला हार जाणारी नाही, पण तिच्यापुढे हात जोडले. "चुकलं माझं," एवढंच म्हटलं आणि मला रडू आवरेना. तेवढ्यात तिचा नवरा कामावरून आला. आता हा मला हाकलून देणार, आणि माझ्या जिभेपायी पोरीचा पाय जन्मभर असाच राहणार, असं वाटलं. तरी त्यालाही सगळं खरं सांगितलं.

तो चपला काढून लेकीजवळ बसला. "ही रोज पाय बघून म्हणायची, सरळ झाला म्हणून. मला दिसत होतं, नाही झाला. पण हिला कसं सांगू?" मग माझ्याकडे न बघताच त्याने विचारलं, "उद्या किती वाजता यायचं?"

दुसऱ्या दिवशी तिघंही आली. डॉक्टर मला चांगलंच बोलले. सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागणार होतं. प्लास्टर चढवताना पोर किंचाळत होती. आई मला म्हणाली, "बाई, प्रार्थना करा की."

"आज तूच कर," मी म्हटलं.

तिने डोक्यावर पदर घेतला, पोरीच्या कपाळावर हात ठेवला. "देवा, पाय अजून वाकडाच हाय," ती म्हणाली. "तू बघ. आम्ही येतो दर आठवड्याला."

मी आमेन म्हणायला तोंड उघडलं. त्याआधीच ते तिच्या नवऱ्याने म्हटलं.