जिऱ्याचा तपास

नोकरीत दरोडे पाहिले, खून पाहिले. त्यातले बरेचसे आता विसरलो. पण नागभीडच्या अलीकडे, तळ्याकाठच्या एका गावात विज्ञान प्रदर्शनात झालेली चोरी काही विसरता येत नाही. आठवली की आधी हसू येते आणि मागोमाग थोडी लाजही वाटते.

पन्नासचे दशक सरत आले होते. राज्यांची नवी जुळवाजुळव झाली आणि मी साताऱ्याकडून थेट चांदा जिल्ह्यात फौजदार म्हणून येऊन पडलो. हवालदार मध्य प्रदेशातल्या सागरकडचा, प्रांत तुटल्यावर इकडेच राहिलेला हिंदी माणूस. म्हणजे ठाण्यात साहेबाला गावची बोली कळत नाही आणि हवालदाराला साहेबाची. तरी काम चालत होते, कारण गुन्हेच फारसे नव्हते.

ऑगस्टात शाळेने तीन दिवसांचे प्रदर्शन भरवले. गावात वीज नव्हती, तिथे बॅटरीवर वाजणारी घंटा ऐकायला बैलगाड्या भरून माणसे आली. सगळ्यात मोठी रांग सूक्ष्मदर्शकापुढे. तो नागपूरच्या एका कॉलेजातून विज्ञानाच्या मास्तरांनी स्वतःच्या सहीवर आणला होता. मास्तर तरुण, नोकरी अजून कच्ची. दुसऱ्या दिवशी ते दुपारी जेवायला गेले आणि परत येऊन पाहतात तर टेबल रिकामे.

ते धावतच ठाण्यात आले आणि फिर्याद लिहून दिली. यंत्र उद्या संध्याकाळच्या गाडीने परत गेले नाही तर सोमवारपासून शाळेत येऊ नका, असे हेडमास्तरांनी त्यांना सांगून टाकले होते. घरी आई आणि लग्नाची बहीण. मी धीर दिला, पण मलाही खात्री नव्हती.

तासाभरात खबर आली. प्रदर्शनाच्या दारापाशी शिलाईचे मशीन घेऊन बसणारे एक शिंपीचाचा ठाण्यात आले. त्यांनी धिवराच्या, म्हणजे इकडच्या कोळ्याच्या, घरातल्या एका म्हाताऱ्या बाईला पदराखाली जड काहीतरी घेऊन जाताना पाहिले होते. जाताना ती सुनेला म्हणत होती, ‘तू जिरे सांभाळ, बाकी मी पाहतो.’ (इकडे बायकाही ‘पाहतो’च म्हणतात.) चाचा नागपूरहून नुकतेच आलेले. त्यांनाही त्या बोलण्याचा अर्थ लागला नव्हता.

चोरांची आपापसातली भाषा असते हे मी शिकून आलो होतो. सोन्याला ‘हळद’ म्हणणारी टोळी मी स्वतः पकडली होती. मग सूक्ष्मदर्शकाला ‘जिरे’ का म्हणू नये? मी स्टेशन डायरीत मोठ्या ऐटीत नोंद केली, ‘संशयित सांकेतिक भाषेत बोलतात.’ आणि हवालदाराला झडतीला पाठवले. त्याने दोन पंच घेतले, बाईचे घर धुंडाळले आणि मुद्देमाल म्हणून काय आणावे? जिऱ्याची पुडी. ‘साहब, और कुछ मिला नहीं,’ म्हणाला. वर पंचांच्या सह्याही घेऊन आला होता.

बाई घरी नव्हती. पण थोड्याच वेळात तीच पुडी मागायला ठाण्यात आली. गुडघ्यापर्यंत चिखल, आवाज खणखणीत. पोलिसाला न भिणारी माणसे दोन प्रकारची असतात, एक सराईत आणि दुसरी खरी. ती कुठल्या प्रकारची हे मला ठरवता येईना. मी तिला समोर बसवले, मास्तरांनाही बोलावून घेतले आणि आवाज चढवून विचारले, जिरे कुठे आहे?

बाईने उलट विचारले, ‘कोणतं साहेब? फोडणीचं का तळ्याचं?’

तपास तिथेच लागला म्हणायचा. माशांची नुकती जन्मलेली, डोळ्याला जेमतेम दिसणारी पिल्ले, त्यांना ही माणसे जिरे म्हणतात. पावसाळ्यात व्यापारी रेल्वेने जिऱ्याने भरलेल्या हंड्या आणतो आणि धीवर ते तळ्यात सोडतात. गेल्या वर्षी सगळे जिरे मेले. व्यापारी म्हणाला तुमचे तळे वाईट, धीवर म्हणाले तुझे जिरेच मेलेले होते. यंदा हंड्या आल्या त्याच दिवशी बाईने प्रदर्शनात ती ‘दुर्बीण’ पाहिली. तळ्यात सोडण्याआधी जिरे जिवंत आहे की मेलेले, हे तिला त्यातून पाहायचे होते.

मग न विचारता का नेली, असे मी दरडावले.

‘इचारलं ना मास्तरले,’ ती म्हणाली. ‘ते म्हणे, हंडी घेऊन उद्या इथीच या. आता जिऱ्याले कुठी उद्या असते साहेब? आज सोडलं नाई त मरते. अन उन्हात इथवर आणलं तरी मरते. दुर्बीण काई मरत नाई. म्हणून तिलेच नेलं. सांजच्या आत आणूनच देत होतो.’

मास्तर खाली पाहू लागले. तसे बोलल्याचे त्यांना आठवले होते.

आम्ही तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, गेलो. उपड्या टोपलीवर कोरडे फडके, त्यावर सूक्ष्मदर्शक, आणि शेजारी सून कोणाला हात लावू देत नव्हती. मास्तरांनी एकेक भिंग तपासले. ओरखडासुद्धा नव्हता. त्यांचे डोळे भरून आले आणि ते तिथेच ओल्या मातीत बसले. मग उठले, दोन हंड्या उरल्या होत्या त्यातला थेंब काचेवर घेतला आणि मला पाहायला बोलावले. काचेसारखे आरपार पिल्लू, आणि त्यात टाचणीच्या टोकाहूनही इवलेसे काळीज धडधडत होते. मी बराच वेळ डोळा काढला नाही. मागून हवालदार म्हणाला, ‘साहब, हमको भी देखने दो.’

वाईट हेतू नाही तिथे चोरी नाही, म्हणून मी प्रकरण गैरसमजाचे ठरवून कागद मिटवले. पुडी बाईला सही घेऊन, म्हणजे अंगठा घेऊन, परत केली. मास्तरांनी प्रदर्शनाचा तिसरा दिवस शाळेऐवजी तळ्याच्या पाळीवर भरवला आणि संध्याकाळच्या गाडीने यंत्र नागपूरला गेले. नोकरी राहिली.

शब्दाचा अर्थ विचारल्याशिवाय डायरीत लिहू नये, हे तर मी शिकलोच. पण त्याहून जास्त शिकलो ते दुसरेच. फिर्यादीला ‘उद्या या’ म्हणणे ही आम्हा पोलिसांची जुनी सवय, आणि माझीही होती. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत ते शब्द तोंडात आले की मी समोरच्याला आधी विचारायचो, बाबा, तुझे काम उद्यापर्यंत जगेल का? बरेच जण मान हलवून नाही म्हणायचे, आणि मी टोपी डोक्यावर ठेवून त्यांच्याबरोबर निघायचो.