पाचपरतावणाचे मऊ गोळे

रविवार, २ मार्च १९५८. मुरबाडजवळचं आमचं गाव, दादाचं अंगण.

हजर: दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, वधूपिता. वहिनी. भाची, बुधवारी लग्न होऊन आज पाचव्या दिवशी नवऱ्यासह माहेरी आलेली. जावई. व्याही आणि त्यांच्याबरोबर खर्डीकडून आलेली एकोणीस माणसं, त्यांत त्यांचे थोरले काका. आणि मी, शहापूरच्या शाळेतली मास्तरीण. एकूण पंचवीस. मटण साडेचार शेर, सगळं हाडाशिवाय, कुटलेलं.

हे सगळं माझ्या वहीतून उतरवते आहे. मला याद्या करायची सवय आहे आणि त्याबद्दल घरात बोलणीही खाल्ली आहेत. पण त्या दिवशीचं जेवण यादीशिवाय झालं नसतं, हे वहिनीसुद्धा कबूल करते.

मुद्दा दादाचा होता. दुसऱ्या महायुद्धात दादा पलटणीबरोबर इटलीत होता. तिथं तोफगोळ्याचा तुकडा डाव्या जबड्यात शिरला. जीव वाचला, पण त्या बाजूच्या दाढा गेल्या आणि तोंड पुरतं उघडेना. चावताना जबडा टक् टक् वाजायचा आणि घास ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर यायचा. घरात भात-आमटी कालवून त्याचं भागत असे. पण चारचौघांत मटणाच्या पंगतीला तो बसत नसे. त्यानं यावर तोडगा काढला होता: वाढपी व्हायचं. १९४६ साली परत आल्यापासून पंचक्रोशीत असा मांडव नव्हता जिथं दादानं वाढलं नाही, आणि असाही नव्हता जिथं तो जेवायला बसला. लोक म्हणायचे, काय हौस आहे याला वाढायची!

आता मुलीच्या लग्नानंतर पाचपरतावण आलं. आमच्याकडे त्या दिवशी मुलीच्या घरी मटणाचं जेवण असतं. मुलीचा बाप आणि मुलाचा बाप मांडीला मांडी लावून बसतात आणि मुलीच्या बापानं पहिला घास घेतल्याशिवाय व्याह्यांकडचं कोणी पानाला हात लावत नाही. तिथं वाढपी होऊन सुटका नव्हती.

पौषात मी गावी गेले तेव्हा दादानं हा विषय ओटीवर काढला.

"बाय, त्या दिवशी मला ताप आलाय असं सांगू या."

"चार दिवस आधी मांडवात नाचलास आणि पाचव्या दिवशी ताप? कोण ऐकेल?"

"मंग पोट बिघडलं."

वहिनी आतून म्हणाली, "पोट बिघडलं म्हणून सांगा, म्हंजे व्याही म्हणतील आमच्याच मांडवात बिघडलं म्हणता काय. भांडणाला तेवढं पुरे."

मग दादा आपणहून म्हणाला, "तिकडं एक म्हातारी गोळे करायची. जिभेनं दाबले तरी फुटायचे."

इस्पितळातून सुटल्यावर त्याला आणि आणखी तिघांना काही दिवस एका शेतकऱ्याच्या घरी ठेवलं होतं. त्या घरची म्हातारी त्याच्या तोंडाकडे पाहून रोज वेगळं काहीतरी मऊ शिजवायची. मटणाचे गोळे, टोमॅटोच्या दाट रश्शात.

"मटण कशाचं होतं पण?" वहिनीनं उंबऱ्यात येऊन विचारलं. हा प्रश्न महत्त्वाचाच होता.

"मीबी तेच इचारलं. भाषा कुठं येत होती? मी गाईसारखा हंबरलो. म्हातारीनं मान हलवली आणि मेंढीसारखी बें बें करून दाखवलीन. मंग मी खाल्लं."

आम्ही दोघी हसलो. मी वही काढली. दादानं आठवून सांगितलं ते असं: मटण बारीक कुटलेलं. दुधात भिजवलेला पाव. अंडं, लसूण, मिरी. कसला तरी हिरवा पाला. आणि एक दुधाचा पदार्थ, पांढरा, ओलसर, दाणेदार, टोपलीत निथळत ठेवलेला. "गोळा मऊ व्हायचा तो त्याच्यामुळं," दादा म्हणाला.

"खरवस," वहिनी म्हणाली. तिच्या आवाजात शंका नव्हती. "पांढरा, मऊ, दुधाचा. दुसरं काय असणार?"

म्हैस चार दिवसांपूर्वीच व्याली होती. खरवस घरात होता. मलाही ते पटलं, हे मी मान्य करते. दुसऱ्या दिवशी गोळे केले. दादानं एक तोंडात घातला आणि जीभ फिरवत राहिला.

"मऊ आहे का?"

"मऊ हाय," तो म्हणाला. "गोडबी हाय."

वहिनीनं नेहमीच्या हातानं खरवसात गूळ आणि वेलदोडा घातला होता. मी विचारलं तर माझ्याकडेच पाहत राहिली. "वन्सं, बिनगुळाचा खरवस कोण करतं?"

दुसऱ्या खेपेला मी चक्का सुचवला. दही रात्रभर टांगलं. गोळे आंबट झाले आणि वर दगडासारखे. दोन दोष होते. आंबटपणाचं कारण उघड होतं. कडकपणाचं कारण मी वहिनीचे हात पाहिले तेव्हा कळलं. ती भाकरीचं पीठ मळते तसं तळहाताच्या जोरानं मटण मळत होती, घाम येईपर्यंत. दादा चुलीशी येऊन बसला होता. तो म्हणाला, "अगो, कोंबडीचं पिल्लू धरतो तसं धर. म्हातारी नुसती बोटं फिरवायची. मिसळलं की सोडून द्यायची."

"मंग म्हातारीलाच आणायची होती की!" वहिनी म्हणाली, पण हात हलका केला.

उरला प्रश्न त्या पांढऱ्या पदार्थाचा. मी वहीत त्याचं वर्णन पुन्हा वाचलं आणि दादाला विचारलं, म्हातारी दूध कसं तापवायची ते पाहिलंस का? तेव्हा त्याला आठवलं की ती पातेल्यात काहीतरी आंबट पिळायची आणि दूध फाटायचं. मग फडक्यात ओतायची.

"आता हे आधी सांगायचं होतंस."

"तू दूध इचारलंस कुठं? तू पदार्थ इचारलास."

पण खरी अडचण इथं सुरू झाली. वहिनी म्हणाली, "माझ्या चुलीवर दूध फाडायचं नाय." आमच्याकडे दूध उतू जाऊन चुलीत पडलं तरी म्हशीच्या कासेला बाधतं असं मानतात. इथं म्हैस नुकती व्यालेली, दारात मांडव पडायचा, आणि चांगलं दूध हातानं नासवायचं! मी तिच्याशी वाद घातला नाही. वाद घालून ती बदलली असती असं नाही, आणि लग्नाच्या तोंडावर तिच्या जिवाला आणखी घोर नको होता.

मी हिशेब वेगळा केला. शहापूरला माझ्या घरी म्हैस नव्हती. मी रतिबाचं दूध घेत होते. माझ्या चुलीवर दूध फाटलं तर कोणाच्या कासेला काय होणार? गवळ्याच्या म्हशीचं विचारू नका, तो तसाही अर्धं पाणीच घालायचा. मी एक शेर दूध तापवलं, लिंबू पिळलं, फडक्यात टांगलं आणि त्याची पुरचुंडी पितळी डब्यात घालून पुढच्या रविवारी किन्हवलीवरून जाणाऱ्या एसटीत बसले. डबा पाझरला. कंडक्टरनं खाली पाहिलं.

"बाई, काय गळतंय?"

"दूध होतं."

"होतं म्हंजे?"

"आता नाही."

त्यानं तिकीट फाडून दिलं आणि पुढं सरकला.

वहिनीनं पुरचुंडी उघडून वास घेतला, बोटानं चाखलं. "फाटलं ते तुमच्या घरी," ती म्हणाली. "इथं आलं ते नुसतं पांढरं." आणि तिनं परात पुढे ओढली.

त्या दिवशीचं प्रमाण वहीत आहे आणि ते अजून बदललेलं नाही. एक शेर मटण, त्याला पाव शेर हे फाटलेल्या दुधाचं पांढरं, दोन पाव दुधात भिजवून अलगद पिळलेले, दोन अंडी, आठ पाकळ्या लसूण, मिरी, मीठ. बोटांनी मिसळायचं, दाबायचं नाही. लिंबाएवढे गोळे करून गोड्या तेलात नुसता वरून रंग येऊ द्यायचा. मग टोमॅटोच्या रश्शात सोडून निखाऱ्यावर ठेवायचे. रस्सा उकळता कामा नये, कडेला एखादा बुडबुडा यावा एवढाच. पाऊण तास. डाव घालून ढवळायचं नाही, टोप धरून हलवायचा.

दादानं गोळा घेतला. जिभेनं टाळूला दाबला. दोन्ही डोळे मिटले.

"हाच," तो म्हणाला. मग, "पाला नाय."

"पाला राहू दे. पंगतीला बसशील का?"

तो ताटलीकडे पाहत म्हणाला, "मला एकट्याला वेगळं वाढाल तर समदे माझ्या तोंडाकडं बघतील. तसं असंल तर मी डाव घेऊन उभा राहीन."

म्हणजे सगळ्यांनाच गोळे. व्याह्यांना पाचपरतावणाला हाडाचं मटण नाही! वहिनी कपाळाला हात लावून बसली. "नळी नाय, फोड नाय. मुलगी दिली आणि मटणात फसवलं म्हणतील." मला तिची भीती खरी वाटत होती. पण दादाला एकटं पाडण्यापेक्षा व्याह्यांची बोलणी परवडली.

शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर सहा शेर दूध फाडलं. या वेळी डब्याला मेणकापड बांधलं आणि संध्याकाळच्या एसटीनं गावी पोचले. रविवारी भल्या पहाटे मुरबाडच्या खाटकाकडे साडेचार शेर मटण कुटून मागितलं तर त्यानं विचारलं, "एवढं कुटायचं? घरात समदी तान्हीच हायत का?" मटण घरी आल्यापासून अकरापर्यंत वहिनी, मी आणि शेजारच्या दोघीजणी गोळे वळत होतो. एकशे चाळीस झाले. मी मोजले.

पंगत बसली. व्याह्यांच्या शेजारचं पान रिकामं होतं. मी वळून पाहिलं तर दादा टोपाशी उभा, कमरेला पंचा आवळलेला, हातात डाव. बारा वर्षांची सवय.

"दादा, डाव दे."

"एक फेरी वाढतो, मंग बसतो."

"डाव दे."

व्याही तिकडून ओरडले, "अवो व्याहीबुवा, बसा आता! पोटात कावळे ओरडायला लागले."

दादानं डाव माझ्या हातात दिला. दांडा घामानं ओला होता. तो जाऊन बसला. पानावर भात, भाकरी आणि द्रोणात लाल रस्सा, त्यात पाच गोळे. व्याह्यांकडच्या एकानं द्रोणात वाकून पाहिलं आणि शेजाऱ्याला म्हणाला, "फोडी कुठं हायत?" वहिनी माझ्या मागंच दाराआड होती. तिनं ते ऐकलं, कारण माझ्या दंडाला तिची नखं रुतली.

सगळे दादाकडे पाहत होते. त्यानं अंगठ्यानं गोळा मोडला, भातात कालवला आणि घास घेतला. जबडा टक् वाजला. मला तो आवाज स्पष्ट आला. पण त्याच क्षणी पंगतीच्या टोकाकडून जोरात भुरका ऐकू आला आणि सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या.

ते व्याह्यांचे थोरले काका होते. दादानं घास घेतलेला दिसला मात्र, त्यांनी द्रोणच तोंडाला लावला होता. खाली ठेवला तेव्हा दोनच गोळे उरले होते. त्यांनी तोंड उघडून हसून दाखवलं. आत एकही दात नव्हता.

"बाय," ते मला म्हणाले, "आठ वरसं झाली, लग्नात मी नुसता रस्सा पितो आणि फोडी कुत्र्याला टाकतो. हे कुणी काढलंन?"

"दादानं आणलं, इटलीहून."

"मंग एवढी वरसं लपवून का ठेवलंस रे?" त्यांनी दादाला विचारलं.

पंगत हसली. दादाही हसला, आणि हसताना रश्शाचा ओघळ हनुवटीवर आला. त्यानं तो उपरण्यानं पुसला आणि पुढचा घास घेतला. मी डाव घेऊन फिरत होते. त्याच्या पानाशी आले तेव्हा त्यानं द्रोण पुढे केला.

"आणखी दोन."

त्याच्या तोंडून पंगतीत हे शब्द मी पहिल्यांदा ऐकत होते. मी तीन वाढले. फोडी शोधणाऱ्या पाहुण्यानं सहा खाल्ले आणि जाताना विचारलं, पुढच्या वेळेला एखादी नळीपण टाकाल का. एकशे चाळीसपैकी बायकांच्या पंगतीला जेमतेम पुरले. वहिनीच्या वाट्याला एक आला. तिनं तो उभ्यानंच खाल्ला आणि म्हणाली, "मऊ झालाय खरा."

याला आता सहा वर्षं झाली. भाचीला सासरी हे गोळे करता येतात. पांढऱ्यासाठी दूध तिथंही चुलीवर फाडू देत नाहीत, म्हणून मीच शहापूरहून डबा पोचवते. दादा लेकीकडे खर्डीला जातो, काकांच्या शेजारी बसतो. गावच्या पंगतीला आता तो भात-रश्शाला तरी बसतोच, मग तोंडातून ओघळ येवो की जबडा वाजो. वाढप्यांवर ओरडतोही.

पण लेकीकडे किंवा माझ्याकडे गोळे असले, की पहिला घास घेऊन थांबतो आणि म्हणतो, "पाला नाय."

कोथिंबीर घालून पाहिली. नाही. पुदिना, ओव्याची पानं, मेथी, चाकवत, कढीलिंब. नाही. शाळेच्या मागं सब्जा उगवला होता, त्याची पानं रुमालात बांधून नेली. दादानं चुरगाळून बराच वेळ हुंगली. "जवळपास हाय," म्हणाला, "पण ह्यो नाय." दोन वर्षांमागे कल्याणच्या बाजारात एका भाजीवालीकडून चार अनोळखी जुड्या आणल्या. चारही नाही.

वहीच्या त्या पानावर बाकी सगळ्या ओळींना बरोबरची खूण आहे. तेरावी ओळ तेवढी मोकळी आहे: पाला. येत्या शनिवारी वाशिंदच्या एका बाईंच्या परसात कसलंसं परदेशी झुडूप आलंय म्हणतात, त्याच्या दोन डहाळ्या मागून आणायच्या आहेत.