मिस्त्रींच्या सात वह्या

ती घटना आजही आठवते, आणि खरं सांगायचं तर आठवू नये असंच वाटतं. खून-दरोड्यांचे किस्से लोक मला हौसेनं विचारतात, मीही सांगतो. हा किस्सा कुणी विचारत नाही.

मी तेव्हा कोल्हापुरातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, गुडघे कुरकुरत होते, माणसांचाही कंटाळा आला होता. सकाळची हजेरी आटोपून बसलो होतो, तेवढ्यात मंगळवार पेठेतले एक म्हातारे मिस्त्री आत आले. फाउंड्रीत ओतकाम करण्याआधी यंत्राच्या भागाचा लाकडी नमुना करावा लागतो, त्याला पॅटर्न म्हणतात. चाळीस वर्षं त्यांनी तेच काम केलं होतं.

"साहेब, माझ्या वह्या गेल्यात," ते म्हणाले.

सात वह्या. आयुष्यभराचं कसब त्यांनी हातानं लिहून, आकृत्या काढून उतरवलं होतं. लेखकाच्या खर्चानं पुस्तक काढून देणाऱ्या एका प्रकाशकानं पैसेही घेतले आणि वह्याही नेल्या. त्याला दीड वर्ष झालं होतं.

"झेरॉक्स काढली होती का?"

"न्हाई. म्हटलं, दुकानात कुणीतरी चोरंल की."

"मग पावती? करार?"

त्यांनी मान हलवली. "साहेब, आमच्यात पॅटर्न भट्टीवाल्याकडं जातोय, ओतकाम झालं की परत येतोय. जल्मात कधी पावती घेतली न्हाई. मला वाटलं, पुस्तकाचं बी तसंच असतंय."

मला त्यांचा रागच आला. झेरॉक्सवाल्यावर विश्वास नाही, आणि गोड बोलणाऱ्याच्या हातात मात्र सगळं आयुष्य देऊन मोकळे! पण पुढचं ऐकून तो राग ओसरला.

"डाक्टर म्हणत्यात काचबिंदू हाय, नजर जाणार. आकृत्या छापल्यावर मलाच तपासाय पायजेत, दुसऱ्याला कळायच्या न्हाईत. तेवढं डोळ्यानं बघू द्या."

आमच्या उपनिरीक्षकानं प्रकरण दिवाणी स्वरूपाचं असल्याचं सांगून त्यांना आधी दोनदा परत पाठवलं होतं. मी फसवणूक आणि विश्वासघाताचा गुन्हा दाखल करून घेतला.

एका तक्रारीवर भागणार नव्हतं. त्या प्रकाशकाच्या अकरा लेखकांना आम्ही फोन केले. कुणाचं पुस्तक अर्धवट, कुणाचं चुकांनी भरलेलं, कुणाला पैसे भरून पुरस्कार मिळालेला. जबाब द्यायला एकही तयार होईना. एक निवृत्त मुख्याध्यापक तर हात जोडल्यासारखे बोलले, "साहेब, माझं नाव नको. प्रकाशकानं पुस्तक मागून घेतलं, असं सगळ्या पाहुण्यांत सांगून बसलोय." घरात चोरी झाली की माणूस ओरडतो, हौसेत फसला की तोंड लपवतो. त्या धंद्याला पोलिसांपेक्षा ही लाज जास्त उपयोगी पडते.

तेवढ्यात एक खबर आली. त्या प्रकाशकाचं टायपिंग करणाऱ्या शिवाजी पेठेतल्या एका बाईंनी गुन्ह्याचं ऐकून ठाण्यात फोन केला. "वह्या माझ्याकडं हायत असं तो सांगंल बघा. न्हाईत. मी एक वही टाईप केली, मजुरी मागितली, तर सगळ्या उचलून घेऊन गेला."

प्रकाशकाला चौकशीला बोलावलं. इस्त्रीचा सदरा, तोंडात साखर. चहा घेत तो दोन तास साहित्यसेवेवर बोलला. मी बोलू दिलं. खोटं बोलणाऱ्याला थांबवायचं नसतं, दमू द्यायचं असतं.

"वह्या कुठे आहेत?"

"टायपिंगला दिल्यात, साहेब. ताईंकडे काम जोरात चालू आहे."

मी त्या बाईंना फोन लावला, स्पीकर चालू केला आणि म्हणालो, "ताई, वह्या तुमच्याकडेच आहेत असं हे म्हणतात."

"लाज वाटत न्हाई व्हय रं तुला?" पलीकडून आवाज आला. पुढचं मी लिहीत नाही.

त्यानं पाणी मागितलं आणि कागल एमआयडीसीजवळच्या एका गाळ्याचा पत्ता सांगितला.

गाळा उघडला तर छतापर्यंत पुस्तकांचे गठ्ठे. राज्यभरच्या दुकानांत पाठवली म्हणून लेखकांना सांगितलेली पुस्तकं सुतळीसुद्धा न सोडता पडली होती. मुख्याध्यापकांचाही गठ्ठा होता, त्याला वाळवी लागलेली. मिस्त्रींच्या सातही वह्या एका खोक्यात धड सापडल्या. पंचनामा केला, वह्या कागदात गुंडाळल्या, लाखेचं सील मारलं.

मिस्त्री धावत आले, हात पुढे केला. मी म्हणालो, "मामा, आता हा मुद्देमाल आहे. कोर्टाचा आदेश झाला की मिळेल. पंधरा दिवस धरा."

आता कुणी स्वतःचं पुस्तक काढायला निघाला की मी सांगतो : मूळ प्रत देऊ नका, करार वाचून सही करा, हारतुऱ्यांना भुलू नका. लोक मान डोलावतात. त्यापुढचं मात्र मी कुणाला सांगत नाही.

वह्या परत देण्याबद्दल कोर्टानं आमचं म्हणणं मागवलं होतं. एका पानाचा कागद. आधी गणपतीचा बंदोबस्त आला, मग निवडणूक आली, आणि तो कागद माझ्याच टेबलावर इतर कागदांखाली राहिला. मिस्त्री दर सोमवारी यायचे, बाकावर बसायचे. मी आतून "पुढच्या आठवड्यात" म्हणायचो. मग त्यांचं येणं बंद झालं आणि मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

आदेश झाला तेव्हा आठ महिने उलटले होते. मिस्त्री सुनेचा हात धरून आले. खुर्ची कुठे आहे ते तिनं त्यांना हाताला धरून दाखवलं.

वह्या मांडीवर ठेवल्यावर त्यांनी चाचपून एकेक मोजली. सातही होत्या.

"मामा, उशीर झाला. चूक माझी आहे," मी म्हणालो.

"असू दे की. आल्या न्हवं परत." मग आवाजाच्या अंदाजानं त्यांनी माझ्याकडे तोंड केलं. "एवढं दिवस तुमच्यापाशी हुत्या साहेब. वाचलं का त्यातलं काय?"

सील होतं, असं म्हणता आलं असतं. ते खरंही होतं.

मी "नाही" म्हणालो. ते "बरं" म्हणाले, वह्या छातीशी धरल्या आणि सुनेचा हात शोधून उठले.