चाकांवर घातलेलं पाणी

आमच्या घरात मोटारीच्या चाकांवर पाणी घालायची पद्धत होती. हे सांगितलं की लोक हसतात. खुशाल हसा. आमचे पणजोबा-आजोबा संस्थानच्या पागेत होते. घोडा लांबून आला की आधी त्याच्या पायांवर पाणी, मग भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, आणि मग स्वाराला विचारायचं, बाबा रे, तू कसा आहेस. पुढे पागेच्या जागी मोटारखाना आला आणि माझे वडील, म्हणजे दादा, तिथे ड्रायव्हर झाले. घोडे गेले, पाणी मात्र राहिलं.

संस्थान विलीन झालं तसा मोटारखानाही मोडीत निघाला. तिथल्या जुन्या गाड्या लिलावात निघाल्या, तेव्हा दादांनी होतं नव्हतं ते घालून त्यातली एक घेतली. वर्षानुवर्षं त्यांनीच चालवलेली गाडी होती ती. उज्जैनच्या फ्रीगंज पेठेतले व्यापारी, कोर्टाच्या तारखा असलेले लोक, असे उतारू घेऊन ते रोज इंदूरला जात आणि संध्याकाळी परत येत. आई घागर भरून दारातच उभी असायची. आधी पुढची चाकं. त्यांना ती 'पुढचे पाय'च म्हणायची. पाणी पडलं की आत चर्र व्हायचं, वाफ यायची, आणि आईचा चेहरा उजळायचा. आला एकदाचा माणूस सुखरूप.

मग नवा प्रांत झाला, राजधानी भोपाळला गेली. तिथे गेलेल्या एका जुन्या साहेबांनी दादांना निरोप धाडला, आमच्या कचेरीत जागा आहे, या. जागा कसली, तर साहेबांच्या दाराबाहेरचं शिपायाचं स्टूल. दादांनी नकार कळवला. साहेबांनी पुन्हा निरोप दिला, जागा थोडे दिवस राखून ठेवतो. म्हणजे हिशेब सरळ होता. गाडी चालली तर आम्ही उज्जैनला राहणार आणि दादा ड्रायव्हर राहणार. नाही चालली तर ते स्टूल.

आणि नेमकी त्याच उन्हाळ्यात गाडी थरथरायला लागली.

गावात हळू चालवताना काही नाही. इंदूरच्या वाटेवर सांवेर गावाच्या पुढे मोकळ्या रस्त्यावर वेग धरला आणि ब्रेक दाबला की पायाखाली धडधड, स्टिअरिंग हातात नाचायचं, पुढची सगळी गाडी हिवताप भरल्यासारखी कापायची. ज्या माणसाच्या ब्रेकने मागे झोपलेला उतारू जागा होत नसे, त्याच्या गाडीत लोक आता पुढची सीट घट्ट धरून बसू लागले. एक कापडवाले शेठजी उतरताना फार गोड बोलले आणि दुसऱ्या दिवशी मोटारस्टँडवर बसच्या रांगेत उभे दिसले.

दादा हार मानणारे नव्हते. त्यांनी टायर पुढचे मागे करून पाहिले, फरक नाही. तसाही ब्रेकला पाय न लावता गाडी कितीही पळवली तरी लोण्यासारखी चालायची, म्हणजे दोष टायरचा नव्हताच. ब्रेकच्या पट्ट्या नव्या बसवल्या. मग एका रविवारी मला शेजारी बसवून इंदूर रस्त्यावर नेलं. मी तेव्हा माधव नगरात मुलींच्या शाळेत शिकवत होते. वेगात असताना त्यांनी पायाचा ब्रेक न दाबता हातब्रेक हळूहळू ओढला. आमच्या गाडीचा हातब्रेक फक्त मागच्या चाकांना लागायचा. गाडी शहाण्यासारखी थांबली, जराही कापली नाही. दादा म्हणाले, दोष पुढच्या ड्रममध्ये आहे. त्या दिवशी ते घरी येईपर्यंत गुणगुणत होते.

ड्रम म्हणजे चाकाच्या आतलं बिडाचं गोल भांडं. पट्ट्या त्यालाच आतून दाबतात. ते गोल राहिलं नाही की प्रत्येक फेऱ्याला पट्टी उडते. फ्रीगंजात लेथवर दोन्ही ड्रम आतून तासून गोल करून घेतले. गाडी पुन्हा पहिल्यासारखी झाली. शेठजीसुद्धा परत आले. आईने सत्यनारायण घातला.

पावसाळा संपायच्या आत धडधड परत आली.

दुसऱ्यांदा लेथवर गेलो तेव्हा मीही सोबत होते. हत्यार एका जागी अडखळायचं, किर्र करून पुढे सरकायचं. लेथवाल्याने ड्रम उजेडात धरला. आत निळसर डाग पडले होते, तेवढ्या जागी बीड पोलादासारखं कडक झालं होतं. तो वैतागून म्हणाला, "इसको गरम में पानी कौन पिलाता है? अब तीसरी बार मत लाना, घिसने को कुछ बचा नहीं."

मी दादांकडे पाहिलं आणि माझ्या डोळ्यांपुढे आईची घागर आली. तव्यासारखे तापलेले ड्रम, त्यावर विहिरीचं गार पाणी, आणि तेही आधी पुढच्या चाकांवर, रोज, भक्तिभावाने. माझा संताप संताप झाला. इतकी वर्षं मोटारी हाताळलेल्या माणसाच्या हे ध्यानात येऊ नये? मोटारखान्यात त्या गाड्या कचेरीहून बंगल्यापर्यंतच जायच्या, तापणार कशा, हे मला फार नंतर सुचलं.

परत येताना मी म्हटलं, आजपासून आईला पाणी बंद करायला सांगते. दादांनी गाडी कडेला घेतली.

"तिला काही बताऊ नकोस," ते म्हणाले. "तिला वाटतं, ती पाणी घालते म्हणून मी परत येतो."

"आणि गाडी?"

"गाडी गेलीच आहे आता."

नवे ड्रम कुठे मिळेनात. कंपनीने ते मॉडेल केव्हाच बंद केलं होतं, इंदूरच्या भंगारातही जोडी नव्हती. दादा काही दिवस हळू चालवत राहिले. घराच्या अलीकडे कोपऱ्यावर गाडी थांबवून चाकं निवेपर्यंत बसायचे, मग दारात आणायचे. आई म्हणायची, हल्ली चर्र होत नाही, चाकं चांगली राहतात आता. पण बसपेक्षा हळू जाणाऱ्या मोटारीत कोण बसेल? उतारू संपले.

देवासकडच्या एका शेतकऱ्याने विहिरीवर पाणी उपसायला इंजिन हवं म्हणून गाडी घेतली. ती आपल्या हातांनी चालवत नेऊन देणं दादांच्या जिवावर आलं, म्हणून त्याने बैल जोडून आणले. गाडी हलली तशी आई मागे धावली. "भैया, पहुँचते ही पहियों पर पानी डालना. पहले आगेवालों पर. बहुत तपते हैं बेचारे." तो भला माणूस हो म्हणाला. दादा ओट्यावरून उठून आत गेले. मला ओरडून सगळं सांगून टाकावंसं वाटलं, पण मी आईला हाताला धरून घरात आणलं.

आम्ही भोपाळला गेलो. दादा संध्याकाळी कचेरीतून पायी परत यायचे. आई दारात घागर घेऊन उभी असायची. दिवसभर स्टुलावर बसून आलेले ते दादा, चपला काढायचे आणि पाय पुढे करायचे.