माशांची सकाळ दहा वाजता

सुईवाल्यांच्या हातात सूर्य होता. म्हणजे माशांच्या खोलीतल्या दिव्यांचा टायमर. खिडकी नसलेल्या त्या खोलीत बोटाच्या पेराएवढे पट्टेरी मासे राहत आणि दिवे लागले की त्यांची सकाळ होई. सकाळ झाली की मासे अंडी घालत. सुईवाल्यांनी ही सकाळ दहा वाजता ठेवली होती. जुने साहेब स्वतःच साडेदहाला उगवत, त्यामुळे तक्रार करायला कोणी जागं नव्हतं.

सुईवाल्यांचा हुद्दा तंत्रज्ञाचा आणि काम एकाचा जीन दुसऱ्यात घालण्याचं. संस्थेत या धंद्यात इतरही मंडळी होती. तळमजल्यावरचे लोक जंतूंना विजेचा झटका देत आणि झटक्याने त्यांच्या अंगाला भोकं पडली, की जीन आत सरकवत. वनस्पतीवाल्यांकडे एक बंदूक होती. जीन माखलेले सोन्याचे कण ते तिच्यातून पानांवर झाडत. लागला तर लागला. आणखी एकजण हे काम चक्क विषाणूंवर सोपवून चहाला जाई.

"झटके काय, छर्रे काय!" सुईवाले नाक मुरडत. "कोणाच्या घरात शिरायचं, तर माणसासारखं शिरावं."

त्यांची पद्धत सुईची. केसाहून बारीक काचेची सुई सूक्ष्मदर्शकाखाली माशाच्या अंड्यात घालायची आणि जीनचा थेंब सोडायचा. अंड्यातल्या एका पेशीच्या दोन होण्याआधी थेंब आत गेला, तर तो जीन पिल्लाच्या अंगभर पसरतो. जेलीफिशचा जीन असेल, तर निळ्या उजेडात पिल्लू हिरवं चमकतं. हात जरा हलला तर मात्र अंडं फुटतं. सुईवाल्यांचं सहसा फुटत नसे.

आता सकाळ दहालाच का? तर वडिलांमुळे. बायको नर्स, ती पहाटेच्या पाळीला जाई. वडील टेलरमास्तर, पडून कंबर मोडल्यापासून दुकान बंद आणि तोंड सुरू. त्यांना उठवणं, आंघोळ घालणं, खुर्चीत बसवणं सुईवाल्यांकडे. तो सगळा वेळ मास्तरांचा पट्टा चाले.

"हे पाणी तापवलंस की नुसतं रागावून पाहिलंस त्याच्याकडे?"

"तापवलंय, बाबा."

"शर्टाची इस्त्री कोणी केली? बूट घालून केली का?"

पन्नाशीच्या मुलाचा असा रीतसर पाणउतारा झाला, की तो कामावर यायला मोकळा होई.

मग नव्या मॅडम आल्या. त्या उजाडायच्या आत पळायला जाणाऱ्या.

"उद्यापासून मासे सातला उठतील," त्या म्हणाल्या.

"मॅडम, मासे ऐकायचे नाहीत. त्यांना दहाची सवय आहे."

"माशांना की तुम्हाला?"

सुईवाल्यांनी टायमर फिरवला. मासे आपली बाजू घेतील याची त्यांना खात्री होती. पण मासे फितूर निघाले. दोन दिवस रुसल्यासारखं करून त्यांनी सातच्या ठोक्याला अंड्यांचा खच पाडला. ज्यांना वर्षानुवर्षं हाताने भरवलं, त्यांनीच असा घात केला.

वडिलांसाठी शेजारच्या वहिनींना गळ घातली. पण इकडे भलतंच घोडं पेंड खाऊ लागलं. सुईवाल्यांची अंडी फुटायला लागली. सुई बदलली, दाब कमी केला, खुर्ची बदलली. अंडी फुटतच राहिली. मॅडमनी त्यांना खोलीत बोलावलं.

"गुरुवारी पाहुणे येणार आहेत, आपलं काम बघायला. तेव्हाही असंच झालं, तर सुई दुसऱ्या कोणाला द्यावी लागेल. तुम्हाला धुलाई विभागात घेऊ. बाटल्या काही फुटत नाहीत."

फुटतात, असं सुईवाल्यांच्या ओठावर आलं होतं. पण ते गिळून बाहेर आले.

गुरुवारी पहाटे वहिनी दारात उभ्या. "भाऊजी, मला नाही जमायचं. काल मी बटण लावत होते, तर म्हणाले, शर्टाचं बटण आहे, फाटकाची कडी नव्हे."

सुईवाल्यांनी हात टेकले. वडिलांना चाकाच्या खुर्चीत घातलं, टॅक्सी केली आणि थेट माशांच्या खोलीत आणून एका कोपऱ्यात ठेवलं. "बाबा, पाया पडतो, गप्प बसा."

दिवे लागले. अंडी आली. मॅडम आणि टायवाले पाहुणे पाठीशी उभे राहिले. सुईवाल्यांनी पहिलं अंडं टोचलं. फुटलं. दुसरं टोचलं. तेही फुटलं. कोणीतरी हळूच खोकलं.

"कोपर कुठे चाललंय?" कोपऱ्यातून आवाज आला. "लहानपणी तुला काजं करायला दिली, तेव्हाही असाच बसायचास. पाठीला पोक काढून."

मॅडम गर्रकन वळल्या. "हे कोण?"

"मी बाप याचा. आणि काय गं, इतक्या सकाळी माणसं कामाला लावतेस, घरी चहा देत नाहीत का तुला?"

सुईवाल्यांचे कान लाल झाले, आणि हात मात्र एकदम थंड, स्थिर. मास्तर बोलत राहिले: पाहुण्याच्या टायची गाठ, मुलाचा कुढा स्वभाव, माशांच्या टाकीचा वास. एकेक अंडं थेंब घेत गेलं. एकही फुटलं नाही.

पाहुणे खूश होऊन गेले. मॅडम मात्र जागच्या हलल्या नाहीत. त्या शहाण्या होत्या; काय घडलं ते त्यांच्या लक्षात आलं होतं.

"आजोबा, तुम्ही रोज येत जा यांच्याबरोबर. टॅक्सी आम्ही पाठवू."

"सातला?" मास्तर उखडले. "आज आंघोळ न करता आलोय मी. मासा असतो तर गोष्ट वेगळी, तो पाण्यातच असतो. माझं पाणी तापायला वेळ लागतो, आणि हा तापवतो म्हणजे तर बघायलाच नको. दहाच्या आत हा इथे पोचायचा नाही."

मॅडमनी एकदा मास्तरांकडे पाहिलं, एकदा सुईकडे. मग त्या भिंतीपाशी गेल्या आणि स्वतःच्या हाताने टायमर दहावर आणला. मासे पुन्हा दोन दिवस रुसले आणि दहाला उठू लागले. त्यांचा कणा नुसता नावाला होता.

त्यानंतरच्या एका सकाळी पाठीवर पाणी घेता घेता मास्तरांनी विचारलं, "काय रे, ती तुझी पिल्लं चमकली का?"

"चमकली, बाबा."

"सगळी?"

"बहुतेक सगळी."

"बहुतेक!" मास्तर म्हणाले. "पाणी ओत. आणि पोक काढू नकोस."