कशावरून बाई

आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या बाईंना सगळे ‘कशावरून बाई’ म्हणत. स्टाफरूममध्ये कुणी नुसतं “आज पाऊस येणार” म्हटलं, तरी वहीतून मान वर न करता त्या विचारायच्या, “कशावरून?” मी रसायनशास्त्राचा, माझं टेबल त्यांच्या शेजारी. पहिलं वर्षभर मला त्या शब्दाचा राग यायचा. पुढं वर्गात काही ठासून सांगण्याआधी मीच स्वतःला तो विचारायला लागलो.

बाई परंडा तालुक्यातल्या बौद्ध घरातल्या. त्या घरात कॉलेज पाहिलेल्या पहिल्याच. पगारातून संशोधनाची मासिकं मागवायच्या. “उशिरा येतात, पण येतात,” म्हणायच्या. ध्यास एकच: एखादं रसायन माणसाला कॅन्सर करील की नाही, हे माणूस आजारी पडायच्या आधी कसं ओळखायचं?

दुष्काळात आम्ही दोघं विद्यार्थ्यांचं शिबिर घेऊन ईट या गावी गेलो. टँकरचं पाणी लोक पत्र्याच्या पिंपांत साठवत होते. बाईंनी एका पिंपावरच्या कागदावरचा चिखल खरवडून तो वाचला आणि त्या जागीच थांबल्या. सोसायटीच्या दुकानात आलेल्या कीटकनाशकाची ती रिकामी पिंपं होती.

त्या तडक सोसायटीच्या चेअरमनकडं गेल्या. माणूस भला, पण अडलेला. “दुसरी भांडी कुठनं आणू, बाई? अन् कंपनीचा माणूस सांगून गेलाय, तपासणीत कॅन्सरच्या गाठी उंदराला झाल्या, माणसाला न्हाय. माणूस काय उंदीर हाय का?”

संध्याकाळी शाळेच्या पटांगणात गाव जमलं. बाई उभ्या राहिल्या. “चेअरमनसाहेबांचा प्रश्न बरोबर आहे,” त्या म्हणाल्या, आणि मी चमकलो. “आपल्या पेशीत ठरलेल्या जागा असतात. त्यांना रिसेप्टर म्हणतात. शरीराचं स्वतःचं रसायन तिथं येऊन बसतं, मग पेशीला हुकूम सुटतो: वाढ, नाहीतर थांब. बाहेरचं रसायन तिथं बसलं, तर भलताच हुकूम सुटू शकतो. उंदराला अशा जागा आहेत, तशा आपल्यालाही आहेत. पण हे औषध आपल्यात तितकंच घट्ट बसतं का, तोच हुकूम सोडतं का, हे माणसाच्या पेशींत बघावं लागेल.”

“कॅन्सर व्हतो का न्हाय, तेवढं सांगा,” कुणीतरी ओरडलं.

“मला माहीत नाही. कंपनीच्या माणसालाही माहीत नाही. मी तसं कबूल करते, एवढाच फरक. उलट्या होणं, चक्कर येणं हे मात्र आजच घडू शकतं.”

मागून एक म्हातारी उठली. “जे कुनालाच ठावं न्हाय, ते माज्या नातवाला कशापायी पाजू?”

चेअरमननी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. “दुकानामागं सिमेंटचा हौद बांधू. तवर कुंभाराकडनं रांजण आणा.” दुसऱ्या दिवशी सकाळी पिंपांना भोकं पाडायला पहिली पहार त्यांनीच उचलली. अख्ख्या गावात पत्र्याची ठणठण चालली होती. बाई इतक्या मोकळ्या हसलेल्या मी पहिल्यांदा पाहिल्या.

पुढं त्या रजा काढून मोठ्या शहरातल्या संशोधन संस्थेत गेल्या. उंदराच्या आणि माणसाच्या पेशी शेजारी शेजारी ठेवून कित्येक वर्षं तपासत बसल्या. डॉक्टरेट मिळाली तेव्हा ईटच्या लोकांनी त्यांना हलगी लावून मिरवलं.

“मग काय निघालं?” चेअरमननी भर सभेत विचारलं.

“काही रसायनं माणसात सैल बसतात. त्यांच्यापुरता कंपनीचा माणूस बरोबर होता. काही मात्र उंदराइतकीच घट्ट बसतात.”

आपल्याच सत्कारात समोरच्याचं बरोबर होतं म्हणणारी व्यक्ती मी दुसरी पाहिली नाही. टाळ्या थांबेनात.

बाई त्याच संस्थेत राहिल्या; आमच्या स्टाफरूममध्ये परत आल्या नाहीत. पण फवारणीचं नवं औषध आलं, की चेअरमन त्याच्यावरची चिठ्ठी पोस्टानं त्यांच्याकडं पाठवत. उत्तर कार्डावर यायचं: “माणसाच्या पेशींत तपासलेलं नाही. हातमोजे घाला. डबा फोडून पुरा.” ती कार्डं दुकानाच्या भिंतीवर खिळ्यानं ठोकलेली असत. एकदा मी तिथं असताना कंपनीचा नवा माणूस बॅग उघडून माल दाखवायला लागला. चेअरमननी त्याला पाणी दिलं, बसायला खुर्ची दिली आणि शांतपणे सांगितलं, “माल ऱ्हाऊ द्या बॅगंतच. आदी आमच्या बाईंचं कार्ड येऊ द्या.”